दोन्ही कान दिसले पाहिजेत

जून २०२४ मध्ये मी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि मार्च २०२५ मध्ये सांगलीतल्या आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात तिथल्याच सभासदांचे फोटो दोरीला चिमट्यांनी टांगले. मधल्या काळात दोन कामं होती. चेहऱ्याचा फोटो नीट काढायला शिकणं हे एक, आणि तो काढायची परवानगी मिळवणं हे दुसरं. दुसऱ्याला जास्त वेळ लागला. आपल्या गावात, सोसायटीत असं काही करावं असं कुणाच्या मनात असेल, तर तारखा, खर्च आणि अडचणी एका जागी सापडाव्यात म्हणून हे लिहिते आहे. मी एका सहकारी बँकेत नोकरी करते. फोटोग्राफीशी याआधीचा संबंध मुलाच्या वाढदिवसापुरता.

हे डोक्यात यायला कारण झालं ते असं. आपल्याकडे माणूस गेलं की पहिली धावपळ डॉक्टरांच्या दाखल्याची आणि दुसरी फोटोची. पेपरला बातमी द्यायची तर संध्याकाळच्या आत फोटो हवा. मग कपाटं उघडतात, अल्बम निघतात, पोरं फोन चाळत बसतात. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढतात. त्यात शेजारच्याचा खांदा राहिलेला असतो. नाहीतर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात. एप्रिल २०२४ मध्ये माझे चुलत सासरे गेले तेव्हा हेच झालं. शहात्तर वर्षांचं आयुष्य आणि एकट्याचा असा एक धड फोटो नाही. "आधी काढून ठेवायला पाहिजे होता" असं सगळेच म्हणाले. पण हे काम कुणी आधी करत नाही, कारण आधी काढायला सुचवणं म्हणजे काय सुचवणं, हे सगळ्यांना कळतं.

माझ्याकडे आवर्ती ठेवीचे चाळीसएक हजार सुटणार होते. नवा कॅमेरा त्यात बसत नव्हता, म्हणून कोल्हापूरला जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात गेले. निकॉन डी ५६०० आणि सोबत १८-५५ ची लेन्स, २७,५०० रुपयांना. जुना कॅमेरा घेताना शटर, म्हणजे फोटो घेताना आत उघडझाप करणारा पडदा, किती वेळा चाललंय हा आकडा विचारायचा. गाडीचं किलोमीटर बघतो तसंच. त्या कॅमेऱ्यावर काढलेल्या ताज्या फोटोच्या फाईलमधून तो निघतो आणि दुकानदार लॅपटॉपवर दाखवतात. माझ्या कॅमेऱ्याचा अठरा हजारांच्या आसपास निघाला. या श्रेणीच्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखाच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्यामुळे हरकत नव्हती. पक्कं बिल घ्या, त्यावर कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि आधीच्या मालकाच्या ओळखपत्राची प्रत दुकानाकडे आहे का तेही विचारा. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून.

चेहऱ्यासाठी ५० एमएम, एफ १.८ ही लेन्स सगळेच सांगतात. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप, आकडा लहान तितकं तोंड मोठं. पण निकॉनच्या या लेन्सचे दोन प्रकार बाजारात फिरतात. नावापुढे 'डी' असलेली जुनी आणि स्वस्त असते, 'जी' असलेली थोडी महाग. माझ्या कॅमेऱ्यात फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. 'डी' लावली तर प्रत्येक फोटोला फोकस हाताने करत बसायचं. दुकानदार सरळ माणूस होता, त्याने हे आपण होऊन सांगितलं आणि 'जी' हातात दिली. वापरलेली, ८,५०० रुपये. पावसाळा तोंडावर होता. कॅमेरा आणि लेन्स चिवड्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायला लागले, कारण एकदा लेन्सच्या काचेवर बुरशी चढली की ती काढायला लेन्सच्या निम्मी किंमत जाते.

शिकायला जुलैत कोल्हापूरला दर रविवारी एक वर्ग लावला. फी सहा हजार. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च फारसा नव्हता. शिकवणारे सर रोलच्या जमान्यापासून लग्नांचे फोटो काढणारे. पहिल्या रविवारी त्यांनी कुणाला बॅगेतून कॅमेराच काढू दिला नाही. खिडकीशी एक खुर्ची ठेवली, आमच्यातल्या एकाला बसवलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "याच्या नाकाची सावली बघा." मग खुर्ची थोडी थोडी फिरवत गेले. तोंड खिडकीकडे असताना सावली जवळजवळ नाहीच, चेहरा सपाट. हळूहळू कडेला वळवलं की सावली गालावर उतरते. साधारण पंचेचाळीस अंशांवर पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात. आणखी वळवलं की चेहऱ्याचे सरळ दोन भाग, एक उजळ, एक काळा. घरी जाऊन हे आरशात करून बघा. कॅमेरा लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि पुढचं जे काही शिकायचं ते याच्यावरच उभं आहे.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट अंतराची. फोनवर जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, त्याचा दोष आपण फोनला देतो. खरं कारण इतकंच की आपण फार जवळ गेलेलो असतो. तिथून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं. दीड-दोन मीटर मागे सरलं की चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा येतो. ५० एमएमची लेन्स अशा कॅमेऱ्यावर तेवढ्या अंतरावरून डोकं आणि खांदे बरोबर चौकटीत धरते, म्हणून ती चेहऱ्याला चांगली. आणि खिडकीपासून माणूस दूर नेला की उजेड वाटतो त्यापेक्षा फार लवकर पडतो. उघड्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई उरतो. मोठ्या खिडकीला हा हिशोब इतका काटेकोर लागू होत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि एक रविवार पाण्यात गेला. सांगलीत आमचंही लक्ष कृष्णेचं पाणी जिथे मोजतात त्या आयर्विन पुलाकडेच होतं. राहिलेला वर्ग ऑगस्टमध्ये झाला.

ऑगस्टभर घरी सराव. मुलगा दोन दिवसांत कंटाळला, मग सासूबाई खुर्चीत बसू लागल्या. पहिला धडा म्हणजे ट्यूबलाइट बंद करणे. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की अर्धा चेहरा निळसर, अर्धा हिरवट होतो, आणि मग कॉम्प्युटरवर कितीही झटलं तरी दोन्ही एकदम सुधारत नाहीत. दुसरं असं की एफ १.८ वर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण मागचं सगळं विरघळून जातं. पण दीड मीटरवरून त्यात जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. मान जरा वळलेली असेल तर एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर. एफ ४ वर तेच बारा-तेरा सेंटीमीटर होतं आणि डोळ्यांपासून कानापर्यंतचा चेहरा बसतो. तेव्हापासून मी एफ ४ च्या खाली क्वचितच जाते. फोकस नेहमी कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर. शटर सेकंदाच्या १/१२५ भागाइतकंच उघडं, हात किंवा मान कापत असेल तर १/२५०. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ८०० किंवा १६०० करावा लागला तरी चालेल. त्याने फोटोत थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला फोटो परवडत नाही.

रेम्ब्रांटचा त्रिकोण मला त्या महिन्यात साधला. मी खुशीत लॅपटॉप सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धं तोंड काळं कशाला ठेवलंस? आणि एकच कान आलाय. दुसरा कुठं गेला?"

पुढचं सगळं या दोन प्रश्नांशी भांडतच झालं, म्हणून इथे थोडं थांबते. वर्गात सावली म्हणजे खोली, खोली म्हणजे जिवंतपणा असं शिकवलेलं. पण सासूबाईंच्या पिढीने फोटो म्हणजे काय ते स्टुडिओत पाहिलं होतं. त्यांच्या लग्नानंतरचा जोडीचा फोटो मिरजेच्या एका स्टुडिओतला आहे. मागे रंगवलेला पडदा, दोन्ही बाजूंनी दिवे, दोघं समोर बघतायत, चारही कान हजर. फोटोला पैसे मोजायचे, आयुष्यात दोन-तीनदाच काढायचा, तर त्यात माणूस पुरता आला पाहिजे, हा त्यातला हिशोब. बसपासपासून पेन्शनच्या कागदापर्यंत सरकारनेही त्यांना हेच शिकवलं. सरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "गिऱ्हाइकाला कान पाहिजे असेल तर कान द्यायचा. पण उजेड तुझा." मला अजूनही वाटतं की सगळ्या वर्गात त्यांनी शिकवलेलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच.

त्यावर मार्ग निघाला तो असा. माणसाला जवळजवळ समोरच बसवायचं, म्हणजे दोन्ही कान दिसतात. खिडकी मात्र कडेला ठेवायची. मग सावलीच्या बाजूला हात-दोन हातांवर काहीतरी पांढरं धरायचं, की खिडकीचा उजेड त्यावर आपटून सावलीत परत येतो. बाजारात त्यासाठी घडीचे रिफ्लेक्टर मिळतात. मी सासऱ्यांचं धुतलेलं धोतर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकते. ते पुढे आणलं की सावली निवळते, मागे नेलं की गडद होते. सासूबाईंना कितपत काळं चालतं ते बघत बघत मी ते धोतर सरकवत राहिले. शेवटी एका जागी त्या म्हणाल्या, "हां, आता मी दिसतीय." ती जागा मी फरशीवर खडूने खुणावून ठेवली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघाला अर्ज दिला. माझे सासरे सभासद आहेत, त्यामुळे तोंडी बोलणं आधीच झालं होतं. पण सचिवांनी सांगितलं की लेखी द्या, म्हणजे कार्यकारिणीपुढे ठेवता येईल. अर्जात विषय, हेतू, सभागृहातली कोणती जागा आणि कोणत्या वेळेला लागेल, विजेचा खर्च कोण करणार, शुल्क घेणार का, हे सगळं मुद्देसूद लिहिलं. दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच घेतली. पोच घ्याच. पुढच्या बैठकीत अर्ज सापडत नव्हता तेव्हा ती कामाला आली.

कार्यकारिणीची बैठक महिन्यातून एकदा. सप्टेंबरची नेमकी अनंत चतुर्दशीनंतर आली. तिथे एका सभासदांनी हरकत घेतली, "पितृपक्षात म्हाताऱ्यांचे फोटो काढायचा विषय नको." यावर कुणालाच काही बोलता येईना, मलाही नाही. विषय पुढच्या बैठकीवर. ऑक्टोबरमध्ये बैठकीच्या आत विधानसभेची आचारसंहिता लागली. सभागृहाची जागा महापालिकेची, त्यामुळे नवा कोणताही कार्यक्रम निकालानंतर, असं सचिव म्हणाले. खरं तर आमच्या फोटोंचा आणि निवडणुकीचा काही संबंध नव्हता. पण जागा भाड्याने सांभाळणाऱ्या माणसाला सावध राहावं लागतं, हेही समजण्यासारखं आहे. मी फक्त विषयपत्रिकेवरून अर्ज काढू नका एवढी विनंती केली.

त्याच बैठकीत निवृत्त वकील असलेल्या एका काकांनी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मुद्दा काढला. फोटो हीसुद्धा वैयक्तिक माहिती, संमती कशी घेणार? मला आधी वाटलं ही नवी आडकाठी. पण त्यांनीच नंतर घरी बोलावून, चहा पाजून संमतीपत्राचा मसुदा करून दिला. एका पानाचं, मोठ्या अक्षरात, मराठीत. फोटो सभागृहात लावायला हो किंवा नाही. व्हॉट्सॲप, फेसबुकवर टाकायला हो किंवा नाही, हे वेगळं. फाईल घरच्यांपैकी कुणाला द्यायची त्यांचं नाव. आणि कधीही नको वाटलं तर सांगा, काढून टाकू. दोन प्रश्न वेगळे ठेवल्याचा उपयोग फार झाला. सभागृहाला हो आणि व्हॉट्सॲपला नाही असं म्हणणाऱ्या बायका बऱ्याच निघाल्या.

गाडं पुढे सरकलं ते वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. दिवाळी झाल्यावर संघात दरवर्षीप्रमाणे दाखले काढून द्यायला बँकेतली आणि कॉलेजमधली मुलं आली. बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप लागतात. समोर बघायचं आणि सांगितलं की डोळे मिचकवायचे. सकाळपासून निम्म्या लोकांचे चेहरे ॲप घेत नव्हतं. पोरं नेटवर्कला दोष देत होती. मी सासऱ्यांना घेऊन गेले होते. टेबल दाराशी होतं आणि प्रत्येकाची पाठ उघड्या दाराकडे. मागून लख्ख ऊन, चेहरा अंधारात. खुर्ची उलटी फिरवून तोंड उत्तरेच्या खिडकीकडे केलं आणि रांग भराभर संपली. घरी करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, फोन धरणाऱ्याची पाठ खिडकीकडे हवी आणि पेन्शनरचं तोंड.

निकाल २३ नोव्हेंबरला लागले, आचारसंहिता उठली आणि महिनाअखेरच्या बैठकीत ठराव झाला. सूचक तेच, पितृपक्षावर हरकत घेणारे आजोबा. अटी अशा: सकाळी योगवर्ग संपल्यावर नऊ ते अकरा, भिंतीला खिळा मारायचा नाही, फोटोचे पैसे घ्यायचे नाहीत, प्रिंट हवी असेल तर ज्याची त्याने खर्चाने घ्यावी. मी ठरावाची प्रत मागून घेतली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात केली. सांगलीच्या अक्षांशावर मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला जातो. एरवी तो दक्षिणेला असतो, आणि डिसेंबरमध्ये तर पारच खाली. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत ऊन थेट येतच नाही, दोन तास उजेड एकसारखा राहतो. आपल्या घरी नवशिक्यांनी हीच खिडकी शोधावी. मागच्या भिंतीवर घड्याळ, देणगीदारांचा फलक आणि पंख्याची बटणं होती. ती झाकायला माहेरून काळी घोंगडी आणली होती. घोंगडी उजेड पिऊन टाकते आणि चमकत नाही. माणूस तिच्यापासून चार-पाच फूट पुढे बसवला की तिचा पोतही दिसत नाही.

पहिलेच बसले ते निवृत्त एसटी कंडक्टर. बसता बसता म्हणाले, "हाराचा फोटो काढायचा म्हणा की सरळ. लाजताय कशाला?" सगळी रांग हसली. त्या एका वाक्याने जे काम केलं ते माझ्या अर्जातल्या सगळ्या हेतूंनी केलं नव्हतं. त्यानंतर कुणी आडून बोललंच नाही. एक आजी म्हणाल्या, "हाराला जागा सोड वर, कपाळावर येतो." तेव्हापासून मी डोक्यावर जरा जास्त मोकळी जागा ठेवते.

पांढऱ्या कपड्यांनी मात्र पाणी पाजलं. गांधी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळा फोटो अंधारा करतो, आणि उन्हात रापलेला चेहरा आणखी काळा होतो. उपाय म्हणजे उजेड फक्त चेहऱ्यावर मोजायचा, त्यासाठी कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग असतं. नाहीतर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा एकूण उजेड, ०.७ ने वाढवायचं आणि टोपीची घडी अजून दिसतेय ना ते पडद्यावर बघायचं. फाईल रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं, ठेवली तर नंतर थोडं इकडेतिकडे करता येतं.

चष्म्यात खिडकी दिसते. चष्मा काढायला सांगू नका. तीस वर्षं चष्म्यात असलेला माणूस त्याशिवाय परका दिसतो. कानावरच्या काड्या अगदी थोड्या वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जातं. पाठीत बाक असेल तर उंचावरून फोटो घेऊ नका. मी गुडघ्यावर बसते, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. हात असलेली खुर्ची टाळा, तिच्यात खांदे वर येतात. पण ज्यांना उठताना आधार लागतो त्यांना तीच द्या, फोटोपेक्षा ते महत्त्वाचं. कवळी घालायची की नाही हा प्रश्न रोज यायचा. मी दोन्ही काढायचे, निवड त्यांची. कमी ऐकू येणाऱ्यांशी सगळं बोलणं कॅमेरा उचलायच्या आधी. कॅमेरा तोंडापुढे आला की ओठ दिसत नाहीत आणि त्यांना काहीच कळत नाही.

"हसा" म्हटलं की चेहरा आखडतो, हे लवकरच कळलं. काय विचारलं की चेहरा सुटतो याचा मी शोध घेत राहिले. नातवंडांबद्दल विचारलं तर मुलं परदेशात असलेल्यांचे चेहरे उतरायचे. तब्येतीबद्दल तर विचारूच नये, अर्धा तास जातो. शेवटी एक प्रश्न सापडला: "पहिला पगार किती होता?" आकडा आठवताना माणूस आधी वर बघतो, मग आकडा सापडला की समोर. त्या क्षणाला बटण दाबायचं. हळदीच्या बाजारात हमाली केलेल्या आप्पांनी पगाराऐवजी पोत्यामागे मिळणारे पैसे सांगितले आणि सांगताना खांदा आपोआप पुढे आला, पोतं घेतल्यासारखा. तो फोटो सगळ्यांना आवडला. ज्या बायकांनी कधी पगार घेतला नाही त्यांच्यापुढे हा प्रश्न निरुपयोगी ठरायचा, कधी कधी बोचायचाही. त्यांना मी पहिल्यांदा एकटीने केलेल्या प्रवासाबद्दल विचारायला लागले. त्यातून तर फोटो थांबवून ऐकावं असं बरंच काही निघालं.

एक आजी आधी टिकली न लावता आल्या. फोटो झाल्यावर पिशवीतून टिकलीचं पाकीट काढून म्हणाल्या, "आता एक ही लावून काढ. घरात दाखवू नको, मला दे." मी दोन्ही फाईल फक्त त्यांना दिल्या. संमतीपत्रावर तसं लिहूनही घेतलं.

ज्यांना जिने उतरता येत नव्हते त्यांच्या घरी जानेवारीत गेले. त्यात मिरजेचे एक जुने सतारमेकर होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण भिंतीवर लावलेलं. इथे घोंगडी काढलीच नाही. भोपळे, लाकडाचा भुसा, हत्यारं मागे तशीच ठेवली आणि हात चौकटीत घेतले. माणसाचं काम त्याच्याभोवती असेल तर पार्श्वभूमी झाकायची घाई करू नये.

फेब्रुवारीत प्रिंट. ८ बाय १२ इंच, मॅट कागद, एकीला साठ रुपये. नमुन्याच्या प्रिंट हातात आल्या आणि मी बघतच राहिले. सगळे आजी-आजोबा गोरे झाले होते आणि सुरकुत्या गायब. लॅबमधला मुलगा म्हणाला, "ताई, साफ करून दिलंय, जादा पैसे नाहीत." त्याच्या बाजूने ही सेवाच होती, बहुतेक लोक तेच मागतात. तेव्हा ऑर्डरवर ठळक लिहा, 'करेक्शन करू नये'. आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो तपासा. झगमगत्या पडद्यावर चांगला दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. दोन-तीन प्रिंट आधी काढून बघितल्याशिवाय सगळ्या टाकू नका. सुरकुत्यांबद्दल एकीनेच तक्रार केली. तिला मी थोड्या कमी करून दिल्या. तिचा चेहरा, तिचा फोटो.

प्रदर्शन २२ आणि २३ मार्चला, शनिवार-रविवार. सभागृहाची अनामत एक हजार आणि सफाईचे तीनशे. खिळे नव्हते म्हणून खिडकीच्या गजांना नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे. पंखे सुरू केले की फोटो उलटे व्हायचे, मग प्रत्येकाला खालीही एक चिमटा लावला. फ्रेम ज्यांना हवी त्यांनी करून घेतली, गावात तीनशेच्या आसपास पडते. सासूबाई रविवारी आल्या, सगळी रांग बघितली आणि कुणाचा कान राहिलाय का ते मोजलं. एका काकांचा राहिला होता, फेट्याखाली. अनामत एप्रिलमध्ये चेकने परत मिळाली. त्यासाठी मूळ पावती द्यावी लागते, तिची झेरॉक्स आधी काढून ठेवा.

प्रदर्शनानंतर आणखी बऱ्याच जणांनी नावं दिली. यंदा अर्ज जुलैतच दिला आणि ठराव ऑगस्टच्या बैठकीत झाला, पितृपक्षाच्या बराच आधी. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हणून दसरा झाला की पहिले दोन शनिवार त्यांचे. आधी दाखला, मग त्याच खुर्चीत फोटो. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत, साडेआठला या. पांढऱ्या सदऱ्यावर जाकीट असेल तर आणा, आणि चष्मा घरी विसरू नका.